झिजलेल्या नाकाचा राजा

मुंजोबाच्या दगडाला शेंदूर लागला आणि बांधाच्या दोन्ही अंगांनी दोन चुली पेटल्या. देव एक, चुली दोन. इरतकरांच्या मळ्यात ही रीत आता इतकी मुरली होती की खुद्द मुंजोबालाही तिचं काही वाटेनासं झालं असावं. घरात लग्न निघालं की आधी मुंजोबाला निखाऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा नैवेद्य, मग बाकीचं सगळं. आणि हा मुंजोबा बसलेला नेमका वाटणीच्या बांधावर. त्यामुळे त्या एका दिवशी तुळसाबाईला आणि तिच्या धाकट्या जावेला, मोतीबाईला, एकमेकींची तोंडं पाहावीच लागत. पाहावी लागत, बोलावं थोडंच लागतं?

तुळसाबाई टमाट्याचं रिकामं कॅरेट उपडं घालून त्यावर बसली होती, पाटलीणबाई गादीवर बसावी तशी. तिची नजर आपल्या चुलीवरच्या गंजात शिजणाऱ्या वांग्यांवर कमी आणि बांधापलीकडच्या गंजावर जास्त.

"साधना," ती सुनेला म्हणाली, पण आवाज पलीकडे पोचेल एवढा काढून, "पानी जरा बेतानं टाक वो. काही लोकाईच्या घरी वांगे पोहायले सोडतात, तसे नको."

पलीकडून उत्तर आलं तेही राजूला, म्हणजे मोतीबाईच्या मुलाला, सांगितल्यासारखं. "राजू, पाह्य बरं बापा, कोनाचं काही करपून राह्यलं. वास येते."

तुळसाबाईने गंजावरचं झाकण उचलून पाहिलं. काही करपलं नव्हतं. पण आपण उचलून पाहिलं, याचाच तिला राग आला.

तेवढ्यात तिचे मालक उकंडराव मुंजोबापुढून उठले, शेंदराची बोटं गवताला पुसली आणि सवयीच्या माणसासारखे सरळ पलीकडच्या चुलीकडे चालू लागले. चार पावलं गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि ते वळले. पण तोवर राजूचा कुत्रा, जो रिसोडच्या हर्रासातून, भाजीच्या लिलावातून, येणाऱ्या ओळखीच्या गाडीवरही धावून जाई, तो शेपूट हलवत त्यांच्या पायात घुटमळू लागला होता.

"त्याले तुमची ओळख कशी वो?" तुळसाबाईने विचारलं.

"मुकं जनावर हाये. माया लावते."

"माया लावते थे दिसलं. कवापासून लावते थे इचारून राह्यली मी."

उकंडराव वर आभाळाकडे पाहू लागले. साधनाने पदर तोंडात धरला. तुळसाबाईने तिच्याकडे पाहिलं आणि तिला एकदम बऱ्याच गोष्टी समजल्या. सकाळचा चहा घेऊन पाण्याची मोटर पाहायला जाणारे उकंडराव तासभर मोटर काय पाहत, ते समजलं. यंदाच्या लोणच्यात सुनेच्या हाताला नसलेली चव कुठून आली, तेही समजलं. म्हणजे घरातली अर्धी माणसं फितूर आणि आपण इथे एकटीच किल्ला लढवतोय. उरला गोपाल. तिने मुलाकडे पाहिलं. गोपाल राजूच्या शेजारी उकिडवा बसून, गवऱ्यांच्या एकाच आरात, निखाऱ्यांत, दोन्ही घरचे रोडगे उलटे-पालटे करत होता. चुली दोन असल्या तरी रोडग्यांचा आर एकच. पुरुषांना तेवढी अक्कल होती. दोघे कशावर तरी खिदळत होते.

"अस्सं," ती स्वतःशी म्हणाली आणि पदर खोचून नीट बसली. फौज पळाली म्हणून शरण जाणाऱ्यांतली ती नव्हती.

भांडण होतं ते गळ्यातल्या सोन्याचं. तुळसाबाईच्या सासूकडे, भागिरथाबाईकडे, दोन सोन्याच्या चकत्या होत्या. एका बाजूला कुणाचंसं तोंड, कडेने अक्षरांसारखं काही, आणि वर ओवायला कडी. घरात त्यांना 'राजा' म्हणत. कुठून आले, कुणी आणले, हे भागिरथाबाईच्या सासूलाही ठाऊक नव्हतं. भागिरथाबाईने मरताना एक राजा थोरलीला दिला, एक धाकटीला. थोरलीने तो पोतीत ओवून गळ्यात घातला आणि दर सणाला चिंच आणि राख लावून असा घासला की दुरून आरशासारखा चमके. धाकटीने तो देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी ठेवला आणि रोज हळदकुंकू वाहिलं, इतकं की वर्षागणिक तो राजा जाडच होत गेला.

मग वाटणी झाली. वाटणीत विहिरीवरून बोलणं झालं, बैलांवरून झालं, ते सगळं दोघी विसरल्या. विसरल्या नाहीत ते एकच वाक्य. मोतीबाई पंचांच्या देखत म्हणाली होती, "मोठ्या बाईची तं सोनाराची नकल हाये. असली राजा सासूबाईनं मले देल्ला." आणि तुळसाबाई म्हणाली होती, "असलं सोनं झाकून ठेवा लागत नाई. मातीलेच कुंकवाखाली दडपा लागते." त्या दिवसापासून बोलणं बंद. नथ्थू, मोतीबाईचा नवरा, गेला तेव्हा तुळसाबाई गेली, आक्रोश करून रडली, सगळं सावरलं आणि त्या घरचं पाणीही न पिता परत आली.

आणि आता सुचिताने घरात नवा घोळ घातला होता.

सुचिता गोपालची पोरगी, ज्या लग्नासाठी हे रोडगे ते तिचंच. मुलगा जऊळक्याचा, बरा होता, कमी बोलणारा होता, तुळसाबाईला म्हणून आवडला होता. पण सुचिताने हट्ट धरला की पहिली हळद लहानी आजी लावेल. लहानी आजी म्हणजे मोतीबाई. ती लावणार नसेल तर हळदच नको. साधना घाबरत म्हणाली होती, "अवं पन नथ्थूकाका गेल्यापासून थ्या कशा लावतीन? पाहुने काय म्हणतीन?" तेव्हा तुळसाबाईनेच सुनेला झापलं होतं. "थे इधवा हाये म्हणून माही ना नाई. तसलं खूळ मले सांगू नको. तिनं माह्या राजाले खोटं म्हतलं, म्हणून ना हाये. तिनं थे माघारी घ्यावं, मंग हळद लावो का अख्खी नवरी रंगवो."

मोतीबाई माघारी घेणार नव्हती. तसा निरोपच आला होता.

आत्ता सुचिता बांधावरून येत होती, हातात तिचा तो मसाल्याचा डबा. स्टीलचा, सात वाट्यांचा, पण त्यात जिरं-मोहरी नव्हती. प्रत्येक वाटीत कापूस, आणि कापसावर एकेक चकती. एक मातीची, वर भोक पाडलेली. एक शिशाची. एक पितळेची, अर्धी तुटलेली. अमरावतीला इतिहास शिकायला गेली आणि हे वेड घेऊन आली. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या रोम देशाची सोन्याची नाणी व्यापाऱ्यांबरोबर इकडे येत, आणि इकडच्या कारागिरांनी त्यांच्या नकला केल्या, बाजारात चालवायला नव्हे, गळ्यात मिरवायला. सुचिता त्या नकला जमवायची. नागपूरच्या नाण्यांच्या प्रदर्शनातून, मोबाइलवर भेटलेल्या दुसऱ्या वेड्यांकडून अदलाबदल करून. तुळसाबाईने एकदा विचारलं होतं, "असली काहून जमवत नाई?" तर म्हणाली, "असली राजानं पाडली आजी. खोटी आपल्या मानसाईनं." तुळसाबाईने हे गावभर सांगितलं होतं. आमची पोट्टी एवढी शिकली का आता खोट्याची गिऱ्हाईक झाली.

सुचिताने मुंजोबाशेजारी, बरोब्बर बांधावर, दुसरं कॅरेट उपडं घातलं. त्यावर पांढरा रुमाल अंथरला. मग दोन्ही चुलींकडे तोंड करून, पुढारी बोलावा तसं बोलली.

"आजी, लहानी आजी. मी आजवर दोघींचेही राजे लांबूनच पाह्यले. तू हात लावू देत नाई, अन् थ्या कुंकू काढू देत नाईत. आज दोन्ही इथं ठेवा. मी पाहून सांगते. मंग जे असन ते असन, पन बोलनं सुरू करा बापा. मले माह्या लग्नात दोन मांडव नाई पायजे."

"कायले?" तुळसाबाई म्हणाली. "सोन्याले पावती लागते का?"

पलीकडे मोतीबाई हसली. नुसती हसली. पण ते हसणं तुळसाबाईला पुरे झालं.

"उकंडराव!" ती गरजली. चिडली की ती नवऱ्याला नावाने हाक मारी, आणि मग अख्खा मळा गप्प होई. "तुमी तं रोज चहा पिता तिकडं. मंग तुमीच सांगा तुमच्या वहिनीले. जिचा राजा खोटा निघन, थे आपलं ताट आपल्या हातानं घेऊन दुसरीच्या चुलीवर जाईन. अन् सगळ्याईच्या देखत तोंडानं म्हणन, वाढ मले."

उकंडरावांनी धाकट्या भावजयीकडे पाहिलं. मोतीबाईने हातातला चमचा गंजाच्या काठावर आपटला.

"भाऊजी, मंजूर म्हणा. अन् म्हणा का ताट मोठं आनजा. माह्या घरी कमी वाढत नाई."

आरावरून गोपाल आणि राजू उठून आले. रोडगे सोडून आले, म्हणजे प्रकरण खरंच गंभीर होतं.

"माय," राजू मोतीबाईच्या कानाशी लागला, "आपला निघाला खोटा तं?"

"तुह्या बापाची शप्पथ, नाई निघनार."

"मोठ्या मायच्या हातचे रोडगे मले तसेही आवडतात," राजू म्हणाला आणि मार चुकवायला मागे सरला. तुळसाबाईने हे ऐकलं. राजू हा पोरगा आपल्याला वाटतो तितका वाया गेलेला नाही, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

तिने पोतीतून आपला राजा सोडवला. रुमालावर ठेवण्याआधी पदराने आणखी एकदा पुसला. मोतीबाईने कमरेच्या बटव्यातून एक तांबडा, जाडजूड गोळा काढून शेजारी ठेवला. दोघी कॅरेटच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, एकमेकींकडे न पाहता.

सुचिताने आधी मोतीबाईचा घेतला. तांब्यात कोमट पाणी होतं, त्यात बुडवला.

"माय वो!" मोतीबाई किंचाळली. "देवाले बुडवते का?"

"घासत नाई लहानी आजी. नुसतं भिजू देते."

पाणी तांबडं झालं. बोटाच्या मऊ टोकाने सुचिता एकेक थर सोडवत गेली. कुंकू गेलं, त्याखालची हळद गेली, त्याखालचं जुनं कुंकू गेलं, आणि मळकट पिवळ्या सोन्यातून एक तोंड वर आलं. बाकदार नाक. जाड मान. डोक्यावर पानांची झालर. आणि स्वच्छ दाढी केलेली, चकचकीत हनुवटी.

सगळे वाकले. 

"हा तं मानूस हाये," उकंडराव म्हणाले.

मोतीबाईने दोन्ही हात गालांवर मारले. "अवं बाई! मी आईसाहेब समजून राह्यली होती. इतके वर्स मी परक्या पुरुषाले कुंकू लावलं?"

"लावलं तं लावलं," राजू म्हणाला. "त्याची काही तक्रार आली नाई."

आणि तुळसाबाई हसली. तिने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते खालून, पोटातून आलं, आणि कॅरेट धरून तिला उभं राहावं लागलं. "रोज! रोज लावे थे! अन् नवरात्रात साडीबी नेसवली असन!"

"खणाचा तुकडा," मोतीबाई कबूल करून गेली आणि मग तीही फसकन हसली. दोघींच्याही लक्षात आलं आणि दोघींनीही हसणं एकदम थांबवलं, पोरींना मास्तरांनी पाहावं तसं.

"आता माहा पाह्य," तुळसाबाई रुबाबात म्हणाली. "चमकते का नाई?"

सुचिताने भिंग डोळ्याला लावलं. तुळसाबाईचा राजा उन्हात लखलखत होता, पण त्याचं नाक नव्हतं. नाकाच्या जागी गुळगुळीत उतार. पानांच्या झालरीच्या नुसत्या चार खुणा. डोळा म्हणजे एक ठिपका.

"आजी, चिंच अन् राख?"

"मंग काय. दर सनाले. तुह्या आजीच्या गळ्यात मळकं सोनं कवा पाह्यलं?"

"राजाचं नाक खाऊन टाकलं ना तू."

आता हसायची पाळी मोतीबाईची होती. ती मनसोक्त हसली आणि कुणीही तिला थांबवलं नाही. तुळसाबाईने मान ताठ ठेवली. नाक नसलं तर नसलं, तोंड उजळ आहे ना.

सुचिता मात्र हसत नव्हती. ती एकदा हा राजा पाही, एकदा तो. दोन्ही उलटे करी, सरळ करी, कडेला धरी. तिच्या मानेवर घाम आला होता. गोपाल म्हणाला, "काय झालं वो?" तिने हातानेच गप्प राहायला सांगितलं. मग डब्यातली पितळेची चकती काढून शेजारी धरली, परत ठेवली. शेवटी भिंग खाली ठेवून ती दोन्ही आज्यांकडे पाहून म्हणाली:

"सोनं दोन्हीकडं खरं आहे. आधी तेवढं ऐका."

"मंग झालं तं," उकंडरावांना घाई होती.

"पन रोमचं एकही नाई. दोन्ही नकला आहेत. आपल्याकडच्याच. तितक्याच जुन्या, पन नकला."

  आपलं खोटं निघालं, ही एक गोष्ट. आणि तिचंही खोटं निघालं, ही दुसरी. यातली कुठली आधी मनात घ्यावी, हे तुळसाबाईला समजेना.

"कशावरून म्हणते?" ती म्हणाली, आवाज थोडा बसलेला.

सुचिताने मोतीबाईच्या राजाची कड बोटाने दाखवली. "हे पाह्य, हे अक्षरं नाईत. ज्यानं हे कोरलं त्याले ती भाषा वाचता येत नव्हती. असली नाणं पुढं ठेवून, पाहून पाहून रेघा काढल्या त्यानं. एक उभी, एक आडवी, मंग एक गोल. अर्थ काहीच नाई."

तुळसाबाई कितीतरी वेळ त्या रेघांकडे पाहत राहिली. बँकेत ती सही करायची ती अशीच. गोपालने शाळेत असताना कागदावर काढून दिलेली 'तुळसाबाई', ती चित्रासारखी उतरवायची. मधली मात्रा कुठली, काना कुठला, तिला आजतागायत ठाऊक नव्हतं. पण सही कधी परत आली नव्हती.

"म्हणजे न शिकलेला होता गडी," ती म्हणाली.

"हो."

"अन् तरी राजा काढला."

"हो आजी. हुबेहूब."

"मंग त्याले खोटा कायले म्हणता वो?" तिचा आवाज परत भरला. "मेहनत खरी, सोनं खरं. नाव काढता नाई आलं तं नाई आलं. माहीबी सही तशीच हाये, जाऊन सांग त्या बँकेले का खोटी हाये म्हणून!"

गोपाल आणि राजू दोघेही खाली पाहू लागले. मोतीबाईने प्रथमच थोरल्या जावेकडे सरळ पाहिलं.

"अजून आहे," सुचिता म्हणाली, आणि आता तिला उत्साह आवरेना. "लोखंडाच्या ठशावर चेहरा कोरायचे, सोन्याची चकती ठेवायची अन् वरून घण. हे दोन्ही राजे एकाच ठशातून निघाले. कानाखाली हा चुकून पडलेला थेंब पाहा, दोन्हीकडं आहे. मानेवर हा तडा, दोन्हीकडं आहे. माह्या ओळखीत एवढे लोक नकला जमवतात, पन एका ठशाच्या दोन, एकाच घरात? कोनापाशीच नाई."

"सख्ख्या बहिनी म्हणा ना," साधना म्हणाली, आणि लगेच सासूकडे पाहून जीभ चावली.

तुळसाबाईच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. खोटं खरं संपलं. बहिणी तर बहिणी. पण बहिणींतही एक थोरली असते.

"पहिलं कोनतं पडलं?" तिने विचारलं.

 सुचिता भिंग रुमालाच्या टोकाने पुसू लागली.

"पोट्टे, मी तुले इचारून राह्यली. कळते का नाई कळत?"

"कळते," सुचिता हळूच म्हणाली. "घण पडन तसा ठशाचा तडा वाढत जाते. लहानी आजीच्या राजावर तडा मानेपर्यंतच आहे. तुह्या राजावर पार हनुवटीपर्यंत गेला." मग एका दमात, "लहानी आजीचा पहिला. तुहा मागून."

 मोतीबाईने पदर सावरला, एवढंच. पण ते सावरणं तुळसाबाईला अख्ख्या शिवीसारखं लागलं. सगळे तिच्याकडे पाहत होते. उकंडराव कुत्र्याआड सरले.

"म्हणजे हात बसल्यावरचा," तुळसाबाई म्हणाली. "पहिला रोडगा कवाबी कच्चा निघते. दोन-चार झाले का मंग हात बसते. माहा हात बसल्यावरचा हाये."

एवढं बोलून ती उठली, आपल्या चुलीपाशी गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मागे गोपाल-राजूची कुजबुज चालली. साधना म्हणत होती, पैज मोडली म्हणा, दोन्ही सारखेच निघाले. उकंडराव म्हणत होते, मोडली कशी, दोघीही हारल्या. दोघीही हारल्या असतील तर दोघींनीही जावं. राजू म्हणाला, मोठे बाबा, तुमी तं कोर्टात पायजे होते.

तुळसाबाईने सगळं ऐकलं. पैज तिने लावली होती. मोठ्या आवाजात, नवऱ्याला नावाने हाक मारून. आता आवाज लहान करून चालणार नव्हतं. आणि एक मन म्हणत होतं, मोतीनेही म्हटलं होतं ना, मंजूर. बघू तिला शब्दाची किती चाड आहे.

तिने गवऱ्यांवर ठेवलेलं आपलं पितळी ताट उचललं, फुंकर मारून राख उडवली आणि चालू लागली. मान ताठ, पदर डोक्यावर. मुंजोबाच्या उजव्या अंगाने तिने बांध ओलांडला. त्याच वेळी मुंजोबाच्या डाव्या अंगाने मोतीबाई बांध ओलांडून पलीकडून अलीकडे आली, हातात ताट. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर एकीने तरी परत फिरण्याचं निमित्त काढलं असतं.

तुळसाबाई मोतीबाईच्या चुलीपुढे बसली, मांडी घातली, ताट पुढे ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वाढ मले!"

बांधाच्या अलीकडून तेवढाच खणखणीत आवाज आला, "वाढा मले!"

आणि मग काहीच झालं नाही.

कारण वाढणार कोण? जिने वाढायचं ती दुसऱ्या चुलीवर ताट पसरून बसलेली. दोघी दोन टोकांना, रिकाम्या ताटापुढे, दुसरीच्या गंजाकडे पाहत. बांधावर उभ्या माणसांना हे आधी समजलं आणि राजू हसता हसता खाली बसला. गोपालने मुंजोबाचा आधार घेतला. सुचिता डोळे पुसत होती. उकंडराव मात्र हसले नाहीत, त्यांनी फार गंभीरपणे दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता?"

"आता काय," तुळसाबाई म्हणाली, "माह्या हाताले काय झालं?" तिने मोतीबाईचा चमचा उचलला, मोतीबाईच्या गंजातली वांगी आपल्या ताटात वाढली आणि बोटाने चाखली. वांगी मऊ शिजली होती, तिखट नीट लागलं होतं, आणि तिळाचा कूट असा घातला होता की शेवटी जिभेवर रेंगाळायचा. असं आपल्याला येत नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं. ते सांगायची गरज नव्हती. तिने आणखी एक चमचा घेतला.

"कसं झालं?" अलीकडून मोतीबाईने ओरडून विचारलं. राजूमार्फत नाही, भाऊजींमार्फत नाही.

"खान्याजोगं हाये!" तुळसाबाई ओरडली. "माहं?"

"मीठ जास्त हाये! पन चालते!"

"चालते तं खाय!" तुळसाबाईने घास घेतला, चावला, गिळला, आणि घास गिळतानाच तिला पुढचं बोलणं सुचलं. "अन् हळदीले कवा येशील?"

 मोतीबाईचा आवाज आला तो बारीक होता, ओरडणं नव्हतं. तरी मळ्यात सगळ्यांना ऐकू गेला. "मी येईन बाई. कोपऱ्यात बसीन. पोट्टी म्हणते पहिली हळद लाव, पन माहं कपाळ असं मोकळं. जऊळक्याचे पाहुने काय म्हणतीन? तुमी लावजा पहिली."

साधनाने मान खाली घातली. गोपालने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तुळसाबाई ताट घेऊन उठली होती. तशीच, उष्ट्या हाताने, ती बांधावर आली आणि मुंजोबाच्या शेजारी उभी राहिली, म्हणजे दोन्ही बाजूंना ऐकू जावं.

"पाहुन्याईचं मी पाहून घेईन. माह्या तोंडापुढे आजवर कोनता पाहुना टिकला? अन् मी कायले लावू पहिली? पोट्टीनं सगळ्याईच्या देखत सांगतलं ना, तुहा राजा पहिला पडला, माहा मागून? इतकं शिकून तिनं थे शोधून काढलं, थे काय वाया जाऊ द्यायचं? पहिली हळद तुही. मी मागून. हात बसल्यावर."

मोतीबाईने ताट खाली ठेवलं. ती तुळसाबाईच्या चुलीपुढे बसून राहिली आणि पदराने डोळे पुसत राहिली. मग एकदम नाक ओढून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मंग हळदीले कोनत्या पातळात येऊ, थे तरी सांगा."

"हिरवं नेस," तुळसाबाई म्हणाली. "थे जरीचं. अन् सकाळीच ये, दुपार करू नको."